यीस्टसाठी मीडिया कसा करायचा: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डाळिंबाचा ज्यूस, काकवी, बेदाणा, शेंगा चटणी असं काहीतरी घेऊन आमच्या छोट्या प्रयोगशाळेत लोक येतात. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला लागलेली मुलंही येतात. दोघांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. फोनवर रोज तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलंय. मीडिया म्हणजे सूक्ष्मजीव वाढवून बघायला त्यांना दिलेलं खाद्य. वेगळं सांगितलं नसेल तर सगळी मापं एक लिटर मीडियासाठी आहेत.

१. बाटली फुगली म्हणजे यीस्टच ना? मग मीडिया कशाला लावायचा?

शंका घ्यायला फुगणं पुरेसं आहे, खात्रीला नाही. फसफस, दारूसारखा वास, तळाशी गाळ, वर पांढरी साय यातलं काहीही दिसलं तर आधी एक थेंब मेथिलीन ब्लूबरोबर काचपट्टीवर घ्या. ४०० पट मोठं करून पाहिलं की ३ ते १० मायक्रोमीटरच्या लांबट-गोल पेशी आणि त्यांना फुटलेल्या कळ्या दिसतील. बॅक्टेरिया यापेक्षा खूपच बारीक असतात.

पण पेशी सहज दिसायला मिलीलीटरला लाखाच्या आसपास तरी लागतात. आज चांगली दिसणारी आणि महिन्याने टोपण उडवणारी बाटली घेतली तर तिच्यात कदाचित दहाच पेशी असतील. त्या सापडायला मीडियाच लागतो.

२. सुरुवातीला कोणता मीडिया घेऊ? इतकी नावं आहेत की गोंधळ होतो.

शिकायला पोटॅटो डेक्स्ट्रोज अगार, म्हणजे पीडीए (अगार म्हणजे मीडिया घट्ट गोठवणारा पदार्थ). तयार पावडर ३९ ग्रॅम, एक लिटर डिस्टिल्ड पाणी, पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, १२१ °सेला १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र). पीएच ५.६ च्या आसपास येतो.

सापडलेलं यीस्ट वाढवून जपायचं असेल तर वायपीडी: यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, पेप्टोन २० ग्रॅम, डेक्स्ट्रोज २० ग्रॅम, अगार १५ ते २० ग्रॅम. यावर यीस्ट जोमाने वाढतं, बॅक्टेरियाही तितक्याच जोमाने वाढतात. त्यामुळे नमुना थेट यावर पसरवू नका.

३. पावडर महाग आहे. घरचा बटाटा, किराण्यातला चायना ग्रास आणि साखर चालेल का?

बटाटा चालेल. २०० ग्रॅम बटाटे सोलून, फोडी करून लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळा, मलमलच्या फडक्यातून गाळा, पाणी परत लिटरपर्यंत भरा, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि १५ ते २० ग्रॅम अगार घाला. पीडीए मुळात असाच करायचे. मात्र बटाट्यागणिक फरक पडतो, म्हणून रिपोर्टच्या कामाला हा नको.

चायना ग्रास म्हणजे अगारच, पण तो किती घट्ट होईल याचा भरवसा नाही. आधी १०० मिली करून पाहा.

साखर मात्र नको. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज, ते जवळपास प्रत्येक यीस्ट खातं. साखर म्हणजे सुक्रोज. हॅन्सेनिआस्पोरा उव्हारम हे फळांवर नेहमी सापडणारं यीस्ट आणि साय धरणारं पिकिया मेम्ब्रानिफॅशिएन्स, या दोघांनाही सुक्रोज वापरता येत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये थोडी साखर फुटून ग्लुकोज सुटतं, म्हणून कधी वाढ दिसते, कधी नाही. असा लहरी मीडिया नसलेला बरा.

४. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. आरओ केलं तर चालेल?

आपल्या बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलचं काय होतं ते घरोघरी माहीत आहे. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मीडियातल्या फॉस्फेटशी जुळून ऑटोक्लेव्हनंतर तळाशी पांढरट गाळ धरतं, पीएचही हलतो. आरओच्या पाण्यात पीडीए जमून जाईल. पण यीस्ट नायट्रोजन बेससारख्या मीडियात (प्रश्न १५) काय आहे आणि काय नाही यावरच सगळी चाचणी उभी असते. तिथे डिस्टिल्ड पाणीच लागतं. बॅटरीत घालायचं पाणी विचारणारेही असतात. त्यातले क्षार काढलेले असतात, बाकी काय उरलंय ते बाटलीवर लिहिलेलं नसतं.

५. ऑटोक्लेव्ह नाही. घरच्या कुकरवर होईल का? आणि सोलापूर उंचावर आहे म्हणून वेळ वाढवायची का?

होतं. घरच्या कुकरची शिट्टी साधारण १५ पौंड दाबाला उचलली जाते, म्हणजे छोट्या ऑटोक्लेव्हइतकाच दाब. पथ्यं दोन. शिट्टी न लावता आधी वाफ जोरात येऊ द्या, आतली हवा निघून गेली की मगच शिट्टी लावा. हवा अडकली तर दाब असतो, पण तापमान चढत नाही. दुसरं, फ्लास्क अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका आणि दाब आपोआप उतरू द्या. घाईने शिट्टी उचलली की मीडिया उतू जाऊन कापसाच्या बोळ्यातून बाहेर येतो. ते साफ करण्यात अख्खी दुपार जाते, अनुभवाने सांगते.

उंचीचं म्हणाल तर सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब थोडा कमी, म्हणून काट्यावर १५ पौंड दिसले तरी आत १२१ ऐवजी साधारण १२० °से असतं. पंधराची अठरा मिनिटं करा, विषय संपला. अर्धा तास ठेवलात तर ग्लुकोज आणि पेप्टोन मिळून मीडिया तपकिरी होतो आणि नाजूक यीस्ट त्यावर उगवायला कुरकुरतात.

६. बॅक्टेरिया येऊ नयेत म्हणून आम्लं घालू की अँटिबायोटिक?

जुनी पद्धत आम्लाची. निर्जंतुक केलेलं १० टक्के टार्टारिक आम्ल तयार पीडीएत लिटरला सुमारे १४ मिली घातलं की पीएच ३.५ च्या आसपास येतो. पावडरगणिक आकडा बदलतो, म्हणून थोडा मीडिया बाजूला काढून पीएच मोजा.

मी अँटिबायोटिकच्या बाजूची आहे. गरम करून, प्रिझर्व्हेटिव्ह घालून अर्धमेल्या झालेल्या पेशींना आम्लाच्या प्लेटवर (प्लेट म्हणजे मीडिया ओतून गोठवलेली चपटी बशी) डोकं वर काढता येत नाही. मोजणी कमी येते, आणि कमी आली की मालक खूश होतो, हाच त्यातला धोका. क्लोरॅम्फेनिकॉल लिटरला १०० मिलिग्रॅम, थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून मीडियात घाला. ते ऑटोक्लेव्ह सोसतं. ऑक्सिटेट्रासायक्लिन वापरणार असाल तर ते सोसत नाही, ते फिल्टर करून, मीडिया ५० °सेपर्यंत निवल्यावर घालायचं. क्लोरॅम्फेनिकॉलची पावडर हाताळताना हातमोजे आणि मास्क हवाच. रक्ताच्या पेशी तयार करणाऱ्या मज्जेवर त्याचा वाईट परिणाम होऊ शकतो.

७. आम्ल घातलेला अगार गोठतच नाही. पातळ खिरीसारखा राहतो. काय चुकलं?

आम्ल ऑटोक्लेव्हच्या आधी घातलंत. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की अगार तुटतो. आधी ऑटोक्लेव्ह, मग ४५ ते ५० °सेपर्यंत निववणं, मग आम्ल, आणि लगेच प्लेट ओतणं. आम्ल घातलेला मीडिया उरला तर परत वितळवू नका, टाकून द्या.

८. डीआरबीसी कधी वापरायचा? आणि त्यावर सगळीच यीस्ट गुलाबी का दिसतात?

डाळिंबाचा गर, ताज्या फळाचा ज्यूस, रसवंतीचा उसाचा रस अशा ओल्या मालात बुरशीही असते. पीडीएवर ती दोन दिवसांत प्लेटभर पसरते आणि यीस्ट तिच्याखाली गाडलं जातं. डीआरबीसीमधले डायक्लोरान (२ मिलिग्रॅम) आणि रोझ बेंगाल (२५ मिलिग्रॅम) बुरशीला आटोक्यात ठेवतात, क्लोरॅम्फेनिकॉल बॅक्टेरियाला. ०.१ मिली पसरवा, २५ °से, पाच दिवस, प्लेट सुलट ठेवा आणि अंधारात. रोझ बेंगालवर उजेड पडला की त्यातून यीस्टलाच मारक पदार्थ तयार होतात. खिडकीपाशी दोन दिवस राहिलेल्या प्लेटवर काही न उगवणं ही आनंदाची बातमी नव्हे.

गुलाबी रंग त्या रंगद्रव्याचा, यीस्टचा नव्हे. दरवर्षी कुणीतरी 'ऱ्होडोटोरुला सापडली' म्हणून धावत येतं. कॉलनी (पेशी वाढून प्लेटवर दिसणारा ठिपका) उचलून साध्या मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट अगारवर रेघा ओढा. तिथेही गुलाबी-केशरी आली तरच ऱ्होडोटोरुलाचं नाव घ्या.

शेंगा चटणी, मसाले, सुका मेवा अशा कोरड्या मालाला डीआरबीसी नको, डीजी १८ घ्या. त्यात लिटरला सुमारे २२० ग्रॅम ग्लिसरॉल असतं, म्हणून जल-सक्रियता (सूक्ष्मजीवांना वापरता येईल असं पाणी किती, याचं माप; शुद्ध पाण्याचं १) ०.९५ वर येते. आयएसओ २१५२७ या मानकाचे दोन भाग याच रेषेवर पडलेले आहेत: ०.९५ च्या वरच्या मालाला डीआरबीसी, ०.९५ आणि त्याखालच्याला डीजी १८. काकवी आणि बेदाणा यांचं प्रकरण आणखी पुढचं आहे (प्रश्न १०).

९. रिपोर्टमध्ये यीस्ट शून्य आलं, तरी महिन्याभरात डाळिंबाच्या सिरपच्या बाटल्या फुगल्या. रिपोर्ट खोटा होता का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि विचारणारा बहुतेक रागावलेला असतो. रिपोर्ट खोटा नव्हता. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, प्रश्नच अपुरा होता.

आधी हिशोब बघा. एक भाग नमुना नऊ भाग पाण्यात, त्यातलं ०.१ मिली प्लेटवर. म्हणजे तपासलं किती? मिलीलीटरचा शंभरावा भाग. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पन्नास पेशी असल्या तर त्यातली एक त्या प्लेटवर पडण्याची शक्यता हजारात एक. आणि बाटली फुगवायला पन्नास पेशी भरपूर झाल्या. म्हणून गाळलेला ज्यूस असेल तर १०० मिली ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या मेम्ब्रेनमधून (पातळ गाळणपडदा) गाळा आणि ते मेम्ब्रेनच मीडियावर ठेवा. सिरप दाट असल्याने गाळलं जात नसेल तर सीलबंद बाटल्याच २५ ते ३० °सेला दोन आठवडे ठेवून मग तपासा.

आता दुसरी गोष्ट, आपल्या भागाची. डाळिंबाचा लाल रंग अँथोसायनिनचा. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे प्रिझर्व्हेटिव्ह घातलं की तो फिका पडतो, म्हणून डाळिंबात त्याऐवजी सोडियम बेंझोएट घालण्याची रीत आहे. बेंझोएटने साधी यीस्ट मरतात. मागे उरतं झायगोसॅकरोमायसिस बेली हे चिवट यीस्ट. परवानगीपेक्षा जास्त बेंझोएटमध्येही ते वाढू शकतं, साखर सोसतं, आम्ल सोसतं. आपण बाकीच्यांना हाकलून त्यालाच मोकळं रान दिलेलं असतं.

त्याला पकडायचा मीडिया साधा आहे. मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट अगार ऑटोक्लेव्ह करा, निववा, लिटरला ५ मिली ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल घाला (फ्यूम हूडखाली, हातमोजे घालून), हलक्या हाताने फिरवून लगेच ओता. पीएच ३.२ च्या आसपास येतो. नमुना पसरवून २५ ते ३० °सेला पाच दिवस. अ‍ॅसेटिक आम्ल बेंझोएटसारखंच पेशीच्या आत शिरून काम करतं, टार्टारिक तसं करत नाही. म्हणून आम्लयुक्त पीडीए (प्रश्न ६) ही याची बदली नव्हे.

या प्लेटवर एक जरी कॉलनी आली तरी मी ती आकड्यासारखी वाचत नाही, धोक्याच्या घंटेसारखी वाचते. बेंझोएट वाढवून उपयोग नाही. फिलिंग मशीनचे नॉझल, रबरी पाइप, टाकीचा खालचा कॉक, उरलेला जुना गर इथे शोधा, आणि पाश्चरायझेशन बाटली भरल्यानंतर होतंय की आधी ते बघा.

१०. काकवी आणि बेदाण्याचे नमुने पीडीएवर कधीच काही देत नाहीत. ते खरंच इतके स्वच्छ असतात का?

नसतात. त्यात राहणारी झायगोसॅकरोमायसिस रूक्सीसारखी यीस्ट गोडाला सरावलेली असतात. साध्या पाण्यात टाकलं की पाणी आत घुसून पेशी फुटतात किंवा खचतात. म्हणजे मीडियाच्या आधीच, डायल्यूशनमध्येच (नमुना पातळ करतानाच), तुम्ही त्यांना मारलेलं असतं.

डायल्यूशनला ३० टक्के ग्लुकोजचं निर्जंतुक द्रावण वापरा. मीडिया एमवाय ५० जी: मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट २.५ ग्रॅम, अगार १० ग्रॅम, पाणी ५०० ग्रॅम, ग्लुकोज ५०० ग्रॅम. हे माप किलोभर मीडियाचं आहे. आधी अगार पाण्यात वितळवा, मग गरम असतानाच ग्लुकोज थोडं थोडं घाला, नाहीतर गोळे होतात. याला ऑटोक्लेव्ह नको, अर्धा तास नुसती वाफ पुरे. इतकं ग्लुकोज ऑटोक्लेव्हमध्ये गेलं तर बाहेर गुळाचा पाक येतो. जल-सक्रियता ०.८९ असल्याने दुसरं फारसं काही वाढत नाही. कॉलन्या सावकाश येतात, दहा दिवस धीर धरा.

पंढरपूर भागातला बेदाणा तपासताना तो ग्लुकोजच्या द्रावणात अर्धा तास भिजवून मग चुरडा. काकवीचा नमुना डब्याच्या वरच्या थरातून घ्या. दिवसा पत्रा तापतो, रात्री निवतो, झाकणाला आतून थेंब धरतात आणि वर पडतात. पातळ झालेल्या त्या वरच्या बोटभर थरातच आंबणं सुरू होतं, खालची काकवी ठणठणीत असते.

११. एप्रिल-मेमध्ये खोलीतच ४० °से असतं. २५ °से कुठून आणायचं?

थंड करू शकणारा बीओडी इनक्यूबेटर (ठरलेलं तापमान राखणारं कपाट) हवा. साध्या बॅक्टेरियाच्या इनक्यूबेटरला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. ३७ °सेला बरीच खराबी करणारी यीस्ट वाढतच नाहीत, तेव्हा 'इनक्यूबेटर रिकामा होता म्हणून ३७ ला ठेवलं' हे चालणार नाही. एका विद्यार्थिनीने प्लेटचा डबा माठात ठेवून, माठाला ओलं पोतं गुंडाळून, आत थर्मामीटर लटकवून प्रोजेक्ट पार पाडला होता. इथल्या कोरड्या हवेत ही युक्ती चालते. रिपोर्टवर मात्र 'माठ' लिहिता येत नाही.

१२. प्लेटवर पाणी साचतं, नाहीतर कोरड्या होऊन तडकतात. मधलं काही नाही का?

पाणी साचतं कारण मीडिया फार गरम ओतला. ५० °सेच्या खाली आणून ९० मिमीच्या प्लेटमध्ये २० मिली ओता, रात्रभर उलट्या ठेवून सुकू द्या. पाणी राहिलं तर कॉलन्या वाहून एकमेकींत मिसळतात. तडकतात त्या पातळ ओतल्यामुळे किंवा आपल्या उन्हाळ्यामुळे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ४ °सेला दोन-तीन आठवडे टिकतात, डीआरबीसी काळ्या कागदात.

१३. किती कॉलन्या असलेली प्लेट मोजायची?

१५ ते १५० च्या दरम्यानची. समजा शंभरपट पातळ केलेल्या नमुन्यातलं ०.१ मिली पसरवलं आणि ४२ कॉलन्या आल्या. ४२ × १०० × १० = ४२,००० प्रति मिली. डाळिंबाच्या गराचे कण हुबेहूब कॉलनीसारखे दिसतात. एक प्लेट पसरवून सरळ फ्रिजमध्ये ठेवा आणि मोजताना शेजारी घ्या.

१४. मीडिया बरोबर झालाय हे कसं ओळखू?

प्रत्येक खेपेतल्या दोन कोऱ्या प्लेट पाच दिवस इनक्यूबेटरमध्ये ठेवा, त्या कोऱ्याच राहिल्या पाहिजेत. एका प्लेटवर बेकरीचं यीस्ट लावा, ते आलं पाहिजे. क्लोरॅम्फेनिकॉलच्या प्लेटवर ई. कोलाय लावा, ते येता कामा नये. अ‍ॅसेटिक आम्लाच्या प्लेटला बेकरीच्या यीस्टची परीक्षा पुरत नाही, तिथे झायगोसॅकरोमायसिस बेलीचं ओळखीचं कल्चर लागतं. ओळखीची कल्चर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा संग्रह किंवा चंदीगडचा तसाच एमटीसीसी यांच्याकडे मागता येतात. पावसाळ्यात दमट होऊन गठ्ठे झालेली पावडर असल्या परीक्षेत बहुधा नापास होते, ती फोडून वापरू नका.

१५. कॉलनी आली. आता नाव कसं शोधू?

आधी ती शुद्ध करा. दोनदा रेघा ओढून एकट्या कॉलनीपासून सुरुवात. मग डब्ल्यूएल न्यूट्रिएंट अगार, ज्यात ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हा रंग असतो. त्यावर सॅकरोमायसिस सेरेव्हिसी (बेकरीचं यीस्ट) दुधाळ ते फिकट हिरवी आणि फुगीर दिसते, हॅन्सेनिआस्पोरा उव्हारम गडद हिरवी आणि चपटी. लायसिन हे अमिनो आम्ल हाच नायट्रोजनचा एकमेव स्रोत असलेल्या मीडियावर सॅकरोमायसिस वाढत नाही, बाकीची बरीच जंगली यीस्ट वाढतात.

पुढे साखरेच्या चाचण्या. यीस्ट नायट्रोजन बेस ६.७ ग्रॅम, त्यात एका वेळी एकच साखर ०.५ टक्के, दहापट दाट करून फिल्टरने निर्जंतुक केलेलं. कोणती साखर वापरते त्यावरून वंशापर्यंत पोचता येतं. बीजाणू पाहायला अ‍ॅसेटेट अगार, कळ्यांची साखळी पाहायला कॉर्न मील अगार.

एवढ्यावर जातीचं नाव छापू नका, 'सारखं दिसतं' म्हणा. पक्कं नाव हवं असेल तर यीस्टच्या डीएनएतला जात ओळखायला वापरला जाणारा भाग, म्हणजे २६एस आरडीएनएचा डी१/डी२ भाग किंवा आयटीएस भाग, सिक्वेन्स करून (क्रम वाचून) घ्या.

१६. साखरेच्या चाचणीत (प्रश्न १५) तुलनेसाठी ठेवलेल्या, साखर न घातलेल्या कंट्रोल नळीतही यीस्ट वाढतंय. साखरेशिवाय कसं वाढेल?

तुम्ही त्याला शिदोरी देऊन पाठवलंय. वायपीडीवरून उचललेल्या पेशी आपल्याबरोबर ग्लुकोज आणि अमिनो आम्लं घेऊन येतात. पेशी निर्जंतुक पाण्यात दोनदा धुवा, साखर नसलेल्या बेसमध्ये एक दिवस उपाशी ठेवा, मग थोड्याच टाका. लायसिनच्या चाचणीलाही हेच लागू.

१७. युरिएज पॉझिटिव्ह आलं, म्हणजे बॅसिडिओमायसीट नक्की ना?

युरिएज म्हणजे युरिया फोडणारं एन्झाइम; ते असलं की चाचणीची नळी गुलाबी होते. बॅसिडिओमायसीट आणि अ‍ॅस्कोमायसीट हे बुरशी-यीस्टचे दोन मोठे गट. ऱ्होडोटोरुला, क्रिप्टोकॉकस या बॅसिडिओमायसीट यीस्टसाठी हा नियम चालतो. (युरिया ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका, फुटून अमोनिया होतो आणि कोरी नळीही गुलाबी पडते. २० टक्के द्रावण फिल्टर करून नंतर घाला.) पण शायझोसॅकरोमायसिस पोम्बे अ‍ॅस्कोमायसीट असूनही युरिएज पॉझिटिव्ह आहे. साखरेच्या पाकात ते सापडतं, प्रिझर्व्हेटिव्हही सोसतं, तेव्हा आपल्या जिल्ह्यात ते विसरून चालणार नाही. मायक्रोस्कोपखाली बघा: त्याला कळ्या फुटत नाहीत, कांडीसारखी पेशी मधोमध दुभंगते. १८९३ मध्ये ते पूर्व आफ्रिकेतल्या भरडधान्याच्या बिअरमध्ये सापडलं आणि 'पोम्बे' हा स्वाहिलीत बिअरचाच शब्द. ज्वारीच्या मुलखात ऐकायला मजा वाटते.

१८. प्लेटवरून उचललेलं यीस्ट ग्लुकोजच्या नळीत वायूच देत नाही, तरी बाटल्या मात्र फुगतायत. हे कसं?

पहिलं, थांबा. डरहॅम नळीत (वायू अडकवायला आत उलटी ठेवलेली छोटी नळी) दोन दिवसांत बुडबुडा दिसला नाही म्हणून निकाल लिहू नका, काही यीस्ट दोन-तीन आठवडे घेतात. दुसरं, फ्रुक्टोजची नळीही लावा. झायगोसॅकरोमायसिस बेली ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज आधी खातं, आणि फळाच्या रसात फ्रुक्टोज भरपूर असतं.

दोन्ही नळ्यांत वायू आलाच नाही तर तुम्ही चुकीच्या आरोपीला धरलंय. वायू करणारे लॅक्टिक बॅक्टेरियाही बाटली फुगवतात, आणि प्रत्येक प्लेटमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल घालून तुम्ही त्यांना आधीच दाराबाहेर ठेवलेलं असतं. फुगलेल्या बाटलीतला थेंब पुन्हा मायक्रोस्कोपखाली घ्या (प्रश्न १) आणि एक प्लेट अँटिबायोटिकशिवाय लावा. झाल्यावर सगळ्या प्लेट कुकरमध्ये २० मिनिटं उकडून मगच कचऱ्यात. काचेच्या धुऊन परत वापरता येतात, प्लास्टिकच्या वितळतात, त्यांना आधी जाड पिशवीत बांधा. आणि तो कुकर परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही.